धुळ्याला न झालेलं ऑपरेशन

मोतीबिंदू काढला म्हणून मी अख्ख्या गल्लीला सांगितलं, आणि माझ्या डोळ्यात मोतीबिंदू नव्हताच. एवढं एकच खोटं. पण खोटं बोलताना माणसानं निदान गाव तरी नीट निवडावं. मी म्हटलं, ऑपरेशन धुळ्याला झालं. जळगावचं नाव घेतलं असतं तर तिथल्या दवाखान्यात गल्लीतल्या कुणाचा तरी भाचा कंपाउंडर निघाला असता. धुळ्याला आपलं कोण आहे, असा माझा हिशोब. पंधरवडा गेला नसेल, तर पोरीला स्थळ आलं. कुठलं? धुळ्याचं.

आता माझी सत्तरी उलटली. त्या वेळच्या माझ्याकडे मागे वळून बघते तेव्हा आधी हसू येतं, आणि हसू ओसरलं की त्या बाईच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते. पन्नाशी ओलांडलेली, एका पोरीची आई, आणि स्वतःला इतकी हुशार समजणारी की विचारू नका.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. डाव्या पापणीवर मोहरीएवढा दाणा आला. रांजणवाडी असेल म्हणून मी सहाणेवर लवंग उगाळून लावली आणि विसरून गेले. रांजणवाडी निदान पाहुणीसारखी वागते. येते, त्रास देते, जाते. हिनं मुक्काम ठोकला आणि वर माहेरची माणसं बोलावून घेतली. दाण्याशेजारी दाणा, मग उजवी पापणी, मग नाकाच्या कडेला जांभळट तांबूस फुगवटा, मग दंडावर चट्टे. खाज नाही, ठणका नाही, पू नाही. दुखलं असतं तर मुकाट्यानं डॉक्टरकडे गेले असते. न दुखणारं दुखणं फार आगाऊ असतं. ते माणसाला विचार करायला वेळ देतं, आणि विचार करणं हे माझं काम कधीच नव्हतं.

ते काम गल्लीनं अंगावर घेतलं. समोरची म्हणाली, "उष्णता आहे, सब्जा भिजवून प्या." तिची सासू म्हणाली, "पोट साफ नाही." एकीनं विचारलं, कानबाई देवीच्या रोटांच्या नैवेद्यात यंदा काही उणं राहिलं का. शेजारच्या अक्का तर थेट बिबवाच घेऊन आल्या, दाभणाला टोचलेला, दिव्यावर धरायच्या तयारीत.

"एक चटका. गाठ जागच्या जागी जिरते. माझ्या पाठीवरची अशीच गेली."

पापणीवर बिबवा! मी मोरीत शिरले आणि आतून कडी लावली. अक्का दाराला तोंड लावून समजावत राहिल्या, "अगं, डोळा मीट ना तू. मी वरच्या वर लावते." या सगळ्या प्रकरणात मी शहाणपणाचं काय केलं, तर ती कडी.

पण या सल्ल्यांचा नुसता वैताग होता. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. आमच्याकडे बोटं झडवणाऱ्या त्या रोगाचं नाव घेत नाहीत, 'ते दुसरं' म्हणतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई माझ्या दंडाकडे बघून शेजारणीच्या कानात पुटपुटली, "ते दुसरं तर नसेल ना?" पुटपुटणं असं की तिळगूळ वाटणाऱ्या पोरींनाही ऐकू जावं. आणि मला कुंकू लावायला पुढे आलेलं यजमानीणबाईंचं बोट मधेच थांबलं. करंडा माझ्या हातात आला. "तुम्हीच लावून घ्या हं," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

मी लावून घेतलं आणि घरी आले. घरात लग्नाची पोर. आईच्या तोंडावर गाठी आणि लोकांच्या तोंडी 'दुसरं', मग तिच्यासाठी उंबरा कोण चढणार? आमचे हे रोज म्हणायचे, "डॉक्टरला दाखवून ये." मी रोज म्हणायचे, "उद्या." डॉक्टरनं तेच नाव घेतलं तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. नाव घेतलं नाही म्हणजे रोग झाला नाही, असं त्या बाईचं वैद्यकशास्त्र होतं.

तेवढ्यात कपाटात सासूबाईंचा काळा चष्मा सापडला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना मिळालेला, बाजूनंही झाकलेला, अर्धं नाक पोटात घेणारा. मी तो लावून आरशात बघितलं. गाठी गायब! मी जवळजवळ नाचलेच. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की माझा मोतीबिंदू निघाला, धुळ्याला.

"खोटं बोलायचंच होतं तर लहानसं बोलायचं," आमचे हे म्हणाले. "हे आता किती दिवस चालवणार?"

"पोरीचं जमेपर्यंत."

खोट्याची शिक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. लोक भेटायला यायला लागले. बिस्किटांचे पुडे, शहाळी, आणि प्रश्न. टाक्याचं की बिनटाक्याचं? एवढ्या लवकर कसा पिकला? वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, विस्तवापुढे जायचं नाही, हे नियम मला पाठ नव्हते पण गल्लीला होते. आणि विस्तवापुढे जायचं नाही याचा अर्थ मला कळला तो मागच्या गल्लीतल्या लग्नात.

आमच्याकडे लग्न म्हटलं की खापरावरचे मांडे आले. पुरण भरलेली ती पोळी हातांवरच पसरवत पसरवत कोपरापर्यंत न्यायची आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकायची. ते काम गल्लीत मी करायचे. नव्हे, ते माझंच होतं, दुसरीनं हात लावलेला मला खपायचा नाही. त्या दिवशी मला खुर्ची देऊन लांब बसवलं, कापसाच्या गोणीसारखं. खापरापुढे एक नवशिकी सून. तिचा पहिला मांडा फाटला, दुसरा फाटला. तिसरा हातावर पसरायला लागला तशी मी अंगणाच्या या टोकाहून ओरडले, "अगं, कड जाड राहिली डावीकडची!"

सगळ्या बायका वळून माझ्या काळ्या चष्म्याकडे बघायला लागल्या.

"वासानं कळलं," मी म्हटलं.

अशी बाई ती. आणि अशा बाईच्या घरी धुळ्याचे पाहुणे मुलगी बघायला आले.

मुलगा बरा होता, कमी बोलणारा. आमच्या पोरीनं त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि मग पोह्यांच्या बशीकडेच बघत राहिली. तिला तो आवडला हे मला तेवढ्यावरून कळलं. त्याची आई मात्र सरळ माझ्यासमोर येऊन बसली. धिप्पाड बाई, गर्द हिरवं लुगडं, आवाज सावकाश, बोलणं एकदम शुद्ध. मी पारोळ्याकडची, माहेरी आम्ही सगळे अहिराणीच बोलायचो. मी मुद्दाम बोलीतलं टाकून बघितलं, "घरना बठ्ठा मजामा शेतस ना?" म्हणजे घरचे सगळे मजेत आहेत ना. बाईंनी उत्तर शुद्धातच दिलं. मनात म्हटलं, ही अंतर ठेवून बसलीय.

"ऑपरेशन झालं म्हणे तुमचं?"

"हो, झालं की. अगदी आत्ताच."

"कुठे?"

इथे खोकला काढायला हवा होता. पण आमच्या ह्यांनी उत्साहानं, नाहीतर सूड म्हणून, सांगून टाकलं, "धुळ्यालाच!"

"आमच्या धुळ्याला? कोणत्या डॉक्टरकडे?"

"ते नाही का, चौकातले," मी म्हटलं. प्रत्येक गावात चौक असतो आणि प्रत्येक चौकात डॉक्टर असतो.

बाईंनी पोह्यांचा घास घेतला. मला वाटलं, सुटले. जीव हलका झाला आणि हलक्या जीवानं माणूस गाढवपणा करतो. समोर त्यांच्या पदरावर एक मुंगळा चढत होता. मी म्हटलं, "सांभाळा हो, मुंगळा चढलाय तुमच्या पदरावर. तो बघा, खांद्यापाशी."

गर्द लुगडं. काळा मुंगळा. काळा चष्मा. ताजं ऑपरेशन.

बाईंनी मुंगळा चिमटीत धरला, खिडकीबाहेर टाकला, आणि माझ्याकडे निवांत बघत म्हणाल्या, "फार चांगला झालाय हो तुमचा डोळा. माझाही मोतीबिंदू पिकलाय. मला त्याच डॉक्टरकडे न्या. तुम्ही या धुळ्याला, मग पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे लग्नाचं. नाही म्हणायची सोय नव्हती.

आमचे हे बरोबर आले नाहीत. "मला अभिनय जमत नाही," म्हणाले. मी एकटी बसमध्ये बसले. रस्ता तेव्हा रुंद करायला घेतला होता, एरंडोलपासून नुसता फुफाटा. खिडकीतून ऊन यायचं आणि चष्म्याआडही डोळ्यात सुया टोचल्यासारखं व्हायचं. हे गेले काही दिवस चाललं होतं. डोळे लाल, पाणी यायचं, उजेड सोसायचा नाही. आणि त्या महामूर्ख बाईला त्याचं कौतुक वाटत होतं! मी समजत होते, आपण नाटक इतकं उत्तम करतोय की ते अंगात भिनलंय. पारोळं आलं तेव्हा वाटलं, उतरावं आणि माहेरी जाऊन गोधडी घेऊन पडावं. पण पोह्यांच्या बशीकडे बघणारी पोरगी आठवली.

धुळ्याच्या स्टँडवर बाई उभ्याच होत्या. दवाखान्यांच्या गल्लीत शिरल्यावर डोळ्याचं चित्र असलेली पहिली पाटी दिसली, तिच्याकडे मी बोट दाखवलं.

"हे का? इथे तर माझ्या जावेचं झालं," बाई म्हणाल्या.

आत काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "जुना केसपेपर?"

"भिजला."

"नाव सांगा, कॉम्प्युटरवर बघते."

मला खोकल्याची उबळ आली. या खेपेला वेळेवर आली. बाई म्हणाल्या, "राहू दे गं, आम्हा दोघींचे नवेच काढ." देव पावला म्हणून मी छातीला हात लावला. त्या मला का वाचवताहेत, हा प्रश्न मला पडला नाही. सांगितलं ना, विचार हे माझं काम नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी आधी विहीणबाईंना तपासलं. विहीणबाई म्हणते खरी, पण अजून तशी झालेली नव्हती, आणि ती होणार की नाही ते त्या खोलीतच ठरणार होतं. तपासून झाल्यावर बाई उठल्या, मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "यांचं ऑपरेशन तुम्हीच केलंय. जरा बघून घ्या."

"मी?" डॉक्टर म्हणाल्या. "काढा चष्मा."

मी काढला. त्यांनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली, पट्टीसारखा उजेड डोळ्यात सोडला. मला तो सोसेना. बराच वेळ बघून त्या मागे सरल्या.

"या डोळ्याला कुणी हातही लावलेला नाही. ऑपरेशन झालं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी सांगितलं? मीच. मी खाली बघत बसले. पायाखालची फरशी नेमकी पांढरी स्वच्छ होती, तिथे मुंगळासुद्धा नव्हता.

पण डॉक्टरांना माझ्या खोट्यात रस नव्हता. त्यांनी बोटानं पापण्या चाचपल्या, नाकाची कड बघितली. "हे किती दिवसांपासून? अंगावर आणखी कुठे आहे?" मी दंड दाखवला. आणि मग त्या रागावल्या. "गाठी पापणीवर आहेत, पण सूज डोळ्याच्या आत उतरलीय. उजेड सोसत नाही ना? आणखी थोडे दिवस असं झाकून ठेवलं असतं तर नजर गेली असती. चष्मा लावून रोग लपवत होता?"

"ते दुसरं आहे का हो?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही. आतल्या सुजेसाठी थेंब आजपासूनच. कातडीच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते."

माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई वाकून माझ्या पापण्यांकडे बघत होत्या, धान्य निवडावं तशा. मला वाटलं, आटोपलं. पोरीच्या लग्नाच्या अक्षता मीच उधळून दिल्या. बाई स्टँडपर्यंत आल्या, मला बसमध्ये बसवलं. बस हलताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाल्या, "चष्मा लावा. ऊन आहे."

घरी पोरीला खरं सांगितलं. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आई, माझ्यासाठी केलं असं म्हणू नकोस. मला विचारलं होतंस का?" आणि भांडी घासायला गेली. इतक्या जोरात घासली की एका पातेल्याचा कान निखळला.

पुढचे दिवस म्हणजे नुसता जाच. कातडीच्या डॉक्टरांनी दंडावरच्या चट्ट्याचा तुकडा काढला. छातीचा फोटो, रक्त, थुंकी. टीबी नाही ना ते बघ, 'ते दुसरं' नाही ना ते बघ. डोळ्यात तासातासाला थेंब. डोळ्यात थेंब घालून वर बघत पडलेल्या बाईला छताचे पोपडे मोजण्याशिवाय काम नसतं. रिपोर्ट यायचा होता, आणि धुळ्याहून निरोप यायचा होता. दोन्हींतलं कुठलं आधी वाईट येतंय एवढंच बघायचं राहिलं होतं.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी सांगितलं, सारकॉइडोसिस. टीबी नाही. ते दुसरंही नाही. कुणाकडून आलेला नाही, कुणाला लागणार नाही. लागट नाही हे मी त्यांच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं.

"मग झालं कशानं?"

"ते नेमकं कुणालाच माहीत नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात. त्या कारण नसताना एका जागी गोळा होतात, त्याची गाठ बनते."

"कारण नसताना गोळा होतात," मी म्हटलं. "म्हणजे आमच्या गल्लीसारखं."

डॉक्टर हसले नाहीत. गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. त्यांनी माझा स्वभाव ओळखला होता. त्या गोळ्यांनी भूक अशी लागायची की शिळी, उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी मी उभ्या उभ्या खायचे. गाठी बसायला लागल्या आणि गाल फुगले. चेहरा परातीसारखा गोल. अक्का म्हणाल्या, "मोतीबिंदू मानवला गं तुला." मी मोरीच्या कडीकडे बघितलं.

रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी मी धुळ्याला फोन लावला. आमचे हे म्हणाले, मी बोलतो. मी म्हटलं, नको, तुम्ही परत उत्साहानं काहीतरी सांगाल. बाईंना सगळं सांगितलं. चष्मा सासूबाईंचा, मोतीबिंदू खोटा, रोगाचं नाव हे, लागट नाही, कदाचित पुन्हा उपटेल, गोळ्या बरेच महिने. पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला यात धरू नका. मी थांबले. पलीकडून आवाज आला, "बरं." आणि फोन ठेवला.

"आता या 'बरं'चा अर्थ लावत बसा," आमचे हे म्हणाले.

बसले. कितीतरी दिवस बसले. 'बरं' म्हणजे बरं, की 'बरं' म्हणजे नमस्कार? धुळ्याहून फोन नाही, निरोप नाही. पोरगी तोंडानं काही म्हणायची नाही, पण मोबाइल वाजला की तिचा हात आधी जायचा. रिपोर्ट चांगला येऊनही मी घरात चोरासारखी वावरत होते. काळा चष्मा कपाटात परत ठेवला होता, गल्लीला खरं सांगून टाकलं होतं, आणि गल्ली मला खऱ्याबद्दल नावं ठेवत होती ती खोट्यापेक्षा जास्त.

मग एका सकाळी दारात रिक्षा थांबली. त्यातून मुलाचा हात धरून बाई उतरल्या, आणि मी बघतच राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, बाजूनं झाकलेला, अर्धं नाक पोटात घेणारा. त्यांचं ऑपरेशन झालं होतं. खरं. म्हणून इतके दिवस प्रवास बंद.

त्या चाचपत आत आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. मी समोर उभी, तोंड परातीएवढं, पापण्या उघड्या. "कुंकू आणा," त्या म्हणाल्या. पोरीनं करंडा आणला. त्यांनी बोट बुडवलं, माझ्या कपाळाकडे नेलं, चष्म्यातून नीट दिसेना म्हणून दुसऱ्या हातानं माझा फुगलेला गाल धरला, आणि कुंकू लावलं ते भुवईवर.

मी म्हटलं, "बाई, मी लबाडी केली. तुमच्या तोंडावर खोटं बोलले. तुम्हाला राग नाही आला?"

बाईंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं. आणि इतके दिवस माझ्याशी शुद्ध बोलणारी ती बाई माझ्या माहेरच्या बोलीत म्हणाली:

"राहू द्या वं बाई. मना घरमा बठ्ठा लबाड शेतस, पन एक बी सापडत नही. तुम्ही ते मुंगळाना दिनलेच सापडी गयात. एक तरी सापडनारं मानूस जोयजे."